शिकागोच्या ८१ लायब्ररी शाखांचा नकाशा काढलाय, पण कुठल्या शाखेचा वाचक कुठला हे ठरवायचं कसं?

गारठलेली_मंजिरी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा. मी शिकागोत राहते, संध्याकाळचा डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स करतेय आणि शेवटच्या प्रोजेक्टसाठी शिकागो पब्लिक लायब्ररीच्या शाखा घेतल्यात. हाच विषय का, तर शहराच्या ओपन डेटा पोर्टलवर सगळं फुकट मिळतं. एका फाइलीत ८१ ठिकाणांचे पत्ते, उघडायच्या वेळा आणि अक्षांश-रेखांश, दुसरीत दर महिन्याला कुठल्या शाखेत किती माणसं आली, तिसरीत किती पुस्तकं, डीव्हीडी वगैरे बाहेर गेल्या. शहराचे ७७ कम्युनिटी एरिया (म्हणजे ठरवून दिलेले विभाग) आहेत त्यांच्या हद्दीही तिथेच मिळाल्या.

मग काय, क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) ठिपके टाकले, प्रत्येकाभोवती अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढलं आणि एरियाप्रमाणे भेटी भागिले लोकसंख्या असा आकडा काढला. दिसायला नकाशा झकास, पण अर्थ लावायला बसलं की काहीच धड बसत नाही. लूप एरियात (शहराचा मध्यवर्ती ऑफिसांचा भाग) लोकसंख्या ४२ हजारांच्या आसपास आणि तिथेच हॅरॉल्ड वॉशिंग्टन ही मुख्य लायब्ररी, त्यामुळे तिथला दरडोई आकडा आभाळाला टेकलाय आणि बाकी सगळं शहर एकाच फिक्या रंगात. काही एरियात शाखाच नाही म्हणून शून्य, पण झूम करून बघितलं तर शाखा हद्दीच्या रस्त्यापलीकडेच उभी आहे. वर्तुळं काही ठिकाणी एकमेकांवर चढलीत आणि काही ठिकाणी मोठ्ठी भगदाडं.

मला शेवटी एवढंच सांगायचंय की कुठल्या शाखा आपल्या भागाच्या मानाने कमी वापरल्या जातात. पण "आपला भाग" ठरवायचा कसा? कोणी असलं काम केलंय का? आणि वर्गातला एक मुलगा म्हणतोय की फोनच्या लोकेशनचा डेटा घे, सगळे प्रश्न सुटतील. खरंच सुटतील का?

नकाशेवाला

मंजिरीताई, आधी एक कंटाळवाणी गोष्ट तपासा, ती चुकली असेल तर पुढचं सगळं वाया. वर्तुळ काढताना लेयर कुठल्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत) होता? अक्षांश-रेखांशावर थेट बफर (म्हणजे ते वर्तुळ) मारला तर क्यूजीआयएस अंतर अंशात धरतं, आणि शिकागोच्या अक्षांशावर अंश काही सगळीकडे सारखा नसतो, उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर पण पूर्व-पश्चिम एक अंश जेमतेम ८३. म्हणजे तुमचं वर्तुळ प्रत्यक्षात उभट अंडं. आपल्या मुंबईत हा फरक फार जाणवत नाही, तिथे पूर्व-पश्चिम अंशही १०५ किलोमीटरचा आहे, म्हणून इकडे शिकलेल्या लोकांना त्याची सवय नसते. यूटीएम झोन १६ नॉर्थ हे प्रोजेक्शन घ्या म्हणजे मीटरमध्ये काम होईल. इलिनॉय ईस्टचं स्टेट प्लेन घेतलंत तर ते फुटात आहे हे लक्षात ठेवा, अर्धा मैल म्हणजे २६४० टाकायचे, मीटरच्या सवयीने ८०० टाकलेत तर पाव मैलाचीसुद्धा व्हायची नाहीत वर्तुळं.

आता मूळ मुद्दा. कम्युनिटी एरिया सोडून द्या. ते १९२० च्या दशकात शिकागो विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञांनी आखले, अजून तेच वापरात आहेत आणि इतिहास समजून घ्यायला चांगलेच आहेत, पण लायब्ररीला जाणारा माणूस काही एरियाची हद्द बघून वळत नाही. शाखा बहुतेक मोठ्या रस्त्यावर असते आणि मोठा रस्ताच बरेचदा हद्द असतो, म्हणून तुम्हाला ती शून्यं दिसतायत. त्याऐवजी जनगणनेचे ट्रॅक्ट (मोजणीसाठी पाडलेले छोटे भाग) किंवा त्याहून लहान ब्लॉक ग्रुप घ्या आणि ती लोकसंख्या शाखांना वाटून द्या.

वाटायची कशी, तर सगळ्यात सोपं म्हणजे व्होरोनॉय, प्रत्येक जागा सगळ्यात जवळच्या शाखेला. क्यूजीआयएसमध्ये एका बटणाचं काम आहे. पण ते सरळ रेषेचं अंतर धरतं आणि शिकागोत मध्ये नदी आहे, एक्सप्रेसवे आहेत, रेल्वेचे भराव आहेत. त्यापेक्षा ओपनस्ट्रीटमॅपचं रस्त्यांचं जाळं घेऊन १५ मिनिटांत चालत कुठवर जाता येतं ते काढा, ओआरएस टूल्स नावाचं प्लगइन आहे त्यात होतं. मग नुसत्या वर्तुळाशी ताडून बघा, जिथे दोन्हींत मोठा फरक पडेल तिथे मध्ये काहीतरी आडवं आलंय असं समजा.

अंदाज घ्यायला एक आकडा: २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण २७ लाख ४६ हजार, भागिले ८१ म्हणजे एका शाखेमागे सरासरी ३४ हजार. कोणाच्या वाट्याला याच्या दुप्पट येतात आणि कोणाच्या वाट्याला निम्मे, एवढं कळलं तरी प्रोजेक्टला दम आहे.

शिकागोकर_जुना

वरच्या भाऊंनी तांत्रिक बाजू नीट सांगितलीय, मी जमिनीवरचं सांगतो, इथे बरीच वर्षं काढलीत.

शिकागोत पत्ता हाच लोकेशन डेटा आहे हे लक्षात घे मंजिरी. स्टेट आणि मॅडिसन या दोन रस्त्यांचा चौक म्हणजे शून्य, आणि तिथून घर नंबर ८०० ने वाढला की एक मैल झाला (मॅडिसनच्या दक्षिणेला पहिले तीन मैल हा हिशोब जरा बिघडतो, पुढे परत सरळ). तू देवॉन रस्त्यावर किराणा आणायला जात असशीलच. देवॉन म्हणजे ६४०० नॉर्थ. नॉर्थटाउन शाखेचा पत्ता ६८०० नॉर्थ वेस्टर्न. म्हणजे देवॉन-वेस्टर्नच्या चौकातून सरळ अर्धा मैल, नकाशा उघडायची गरजच नाही. ही शाखा आधी कॅलिफोर्निया अव्हेन्यूवर होती, देवॉनला अगदी लागून, २०१९ मध्ये नव्या इमारतीत गेली. आता तू जुन्या आणि नव्या वर्षांची तुलना करणार असशील तर नाव तेच राहिलंय पण ठिपका हललाय, फाइलीत बहुतेक आजचेच अक्षांश-रेखांश असतील. उलटा प्रकारही आहे, टेलर स्ट्रीटवर रूझवेल्ट नावाची शाखा होती ती त्याच रस्त्यावर जरा पुढे नव्या जागी गेली आणि नाव झालं लिटल इटली. नावावरून फाइली जोडल्यास तर एक शाखा मेली आणि एक नवीन जन्माला आली असं दिसेल.

वर्षं निवडतानाही बघ. २०२० च्या वसंतात शाखा बंद होत्या, ते वर्ष तुलनेला घेऊच नकोस. आणि ऑक्टोबर २०१९ पासून इथे उशिराचा दंडच बंद झाला, त्याने आकड्यांवर काय परिणाम झाला तो वेगळ्या प्रोजेक्टचा विषय आहे, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं एका रांगेत मांडताना तळाशी टीप तरी दे.

आता तू ज्याला "कमी वापर" म्हणतेस त्याबद्दल. भेटी आणि पुस्तकं बाहेर जाणं हे दोन वेगळे वापर आहेत, त्यांचा भागाकार काढून नकाशावर टाक, मला वाटतं तोच तुझा सगळ्यात बोलका नकाशा होईल. भेटी भरपूर आणि पुस्तकं कमी अशा शाखेत लोक कॉम्प्युटर, वायफाय, मुलांचा गृहपाठ, नोकरीचे अर्ज यासाठी येतात, उन्हाळ्यात थंडाव्याला आणि हिवाळ्यात ऊब घ्यायला येतात. हे हसण्यावारी नेऊ नकोस, जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत या शहरात सातशेच्या वर माणसं गेली, त्यातली बरीच एकटी राहणारी म्हातारी. आजही ऊन चढलं की शहर लोकांना लायब्ररीत जाऊन बसा असंच सांगतं. उलट पुस्तकं भरपूर आणि भेटी कमी असतील तर लोक ऑनलाइन मागणी नोंदवतात, येतात, उचलतात, दोन मिनिटांत बाहेर. पुस्तक या शाखेचं, मागवलं त्या शाखेत, असं सर्रास चालतं, त्यामुळे बाहेर गेलेल्या पुस्तकांच्या आकड्यावरून त्या शाखेचं कपाट किती चांगलं हे कळत नाही, ती शाखा रोजच्या वाटेवर आहे का हे कळतं.

हॅरॉल्ड वॉशिंग्टन मात्र हिशोबातून बाजूलाच काढ. ती १९९१ ची इमारत म्हणजे अख्ख्या शहराची लायब्ररी, तिचा वाचक लूपमध्ये राहत नाही, तो तिथे कामाला येतो किंवा गाडी बदलतो. सल्झर, वुडसन आणि लेग्लर या रीजनल शाखाही वेगळ्या रंगात दाखव, त्यांचा आवाका मोठा आहे.

(अवांतर: या लायब्ररीची सुरुवात १८७१ च्या आगीनंतरची. ब्रिटनमधून लोकांनी हजारो पुस्तकं भेट पाठवली, ठेवायला जागा नव्हती म्हणून पाण्याच्या रिकाम्या टाकीत लायब्ररी सुरू केली, १ जानेवारी १८७३ ला. लोकेशन डेटा म्हणशील तर तो पहिला ठिपका.)

डेटा_दामू

एवढा खटाटोप कशाला? फोनच्या लोकेशनचा डेटा विकणाऱ्या कंपन्या आहेत ना, कुठल्या इमारतीत किती फोन आले, कुठून आले, किती वेळ थांबले सगळं तयार मिळतं. शाळा-कॉलेजला सवलत पण मिळते बहुतेक. व्होरोनॉय-फोरोनॉय सगळं बाजूला, थेट घर ते लायब्ररी रेषा काढायची. काळाच्या मागे कशाला राहायचं.

चष्मा_पुसून

दामू, ऐकायला छान वाटतं, पण याच शहरात ते कुठे फसतं ते सांगते.

शिकागोकरांनी नॉर्थटाउनचं सांगितलं ना, त्या नव्या इमारतीत खाली लायब्ररी आहे आणि वर ज्येष्ठांसाठी ४४ घरं आहेत. एल्स्टन अव्हेन्यूवरची इंडिपेंडन्स शाखापण तशीच, तिथेही वर ४४ घरं. लिटल इटलीतही वर लोक राहतात. २०१९ मध्ये उघडलेल्या या तिन्ही इमारती शहराच्या हाउसिंग अथॉरिटीबरोबर बांधल्यात. आता फोनच्या जीपीएसला मजला कळत नाही. वरच्या मजल्यावर आजी रात्रभर झोपल्यात आणि तुमच्या डेटात लायब्ररीत नऊ तास थांबलेला निष्ठावान वाचक दिसतोय. आजींनी फोन घरात ठेवून खाली येऊन दोन तास वर्तमानपत्र वाचलं तर तेही कळणार नाही. बंद वेळेतले फोन वगळा म्हणाल तर वगळता येतील, पण दिवसाचं काय?

आणि शाळा सुटल्यावर शाखेत जी पोरांची झुंबड असते त्यातल्या कितीजणांकडे फोन असतो, आणि असला तरी लोकेशन गोळा करणारं नेमकं ते अ‍ॅप असतं का? म्हणजे लायब्ररी ज्यांच्यासाठी सगळ्यात जास्त चालते ती लहान मुलं, म्हातारी माणसं आणि साधा फोनवाले, तेच नेमके या डेटात नाहीत. त्यापेक्षा शाखेच्या दारावरचा मोजणारा यंत्रमानव बरा, तो कोण आलं ते विचारत नाही, नुसता आकडा वाढवतो.

तिसरी गोष्ट मला जास्त खटकते. इलिनॉयमध्ये लायब्ररीच्या नोंदी गुप्त ठेवायचा कायदाच आहे, कोणी काय नेलं, कोण सभासद हे कोर्टाच्या आदेशाशिवाय सहसा कोणाला देता येत नाही. आणि आपण मागच्या दाराने फोनवरून तेच शोधून काढायचं की अमुक घरातून तमुक माणूस मंगळवारी लायब्ररीत गेला? कायद्याने ते कदाचित बसतही असेल, पण मी ग्रंथपाल असते तर असला प्रोजेक्ट दारात उभा केला नसता. मंजिरी, तुझ्याकडे जे महिन्याचे बेरजेचे आकडे आहेत ते या कामाला पुरेसे आहेत, त्यात कोणाचं नाव नाही हीच त्यांची चांगली बाजू.

डेटा_दामू

आजींचा मुद्दा मान्य :) मजल्याचा विचार डोक्यातच आला नव्हता. बाकी गुप्ततेवर वाद घालता येईल पण तो इथे नको, धागा भरकटेल.

परळ_नाका

शिकागो मी पाहिलेलं नाही, पण याच प्रश्नाशी आमची मुंबईत झटापट झाली म्हणून लिहितोय. मध्य मुंबईतल्या एका जुन्या वाचनालयाच्या शाखेत मी सुट्टीच्या दिवशी मदतीला जातो. सभासद कमी होतायत, तर लोक येतात कुठून ते बघू म्हणून आम्ही सभासद नोंदवहीतले पत्ते कॉम्प्युटरवर चढवले. इकडे दोन अडचणी आल्या, एक तुमच्याकडे येणारच नाही आणि दुसरी तुमच्याकडेही येईल.

पहिली म्हणजे पत्ता. तिकडे ८०० म्हणजे मैल, इकडे "मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीवर, दुसरा माळा". नकाशाच्या सेवेला असा पत्ता दिला की ती बिनधास्त कुठेतरी ठिपका टाकते, आमचा एक सभासद थेट नाशिकला जाऊन बसला. शेवटी पिनकोडवर आलो. पिनकोड जाडाभरडा असतो पण खोटं बोलत नाही, आणि कोणाचं घर नकाशावर उघडं पडत नाही हा वरच्या ताईंचा मुद्दाही आपोआप सांभाळला जातो. ४०००१४ म्हणजे दादर पूर्व आणि ४०००२८ म्हणजे दादर पश्चिम. सरळ रेषेत दोन्ही हाकेच्या अंतरावर, पण मधून पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वे जातात. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावरून पलीकडे जाऊन पुस्तक बदलून परत यायला कोण तयार होईल सांगा. वहीत तेच दिसलं, रुळांच्या पलीकडचे सभासद नावापुरते.

दुसरी गोष्ट बघून मात्र आम्ही चक्रावलो. सभासदांत डोंबिवली, ठाणे, मुलुंड इथले पत्ते निघाले. आधी वाटलं जुने सभासद असतील, घर बदललं पण नाव राहिलं. काउंटरवरच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या अहो हे सगळे इथल्या ऑफिसांतले, संध्याकाळी सुटले की पुस्तक बदलतात आणि गाडीत वाचत जातात, दिवाळी अंक आले की सगळ्यात आधी यांचीच रांग. म्हणजे आमच्या शाखेचा "भाग" हा वर्तुळ नव्हताच, मध्य रेल्वेच्या रुळांसारखा लांबच लांब होता. आम्ही घरापासूनचं अंतर मोजत बसलो होतो आणि माणसं स्टेशनच्या वाटेवरचं अंतर मोजत होती.

त्यामुळे मंजिरीताई, तुम्ही चालण्याची १५ मिनिटं काढा, जरूर काढा, पण त्याच्यासोबत शाखेपासून सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन किंवा मोठ्या बसचा थांबा किती लांब तेही एका रकान्यात घ्या. लोकसंख्येच्या मानाने ज्या शाखा फार वर किंवा फार खाली दिसतील त्या आधी या रकान्याशी ताडून बघा. आणि जमलं तर दोन-तीन शाखांत जाऊन काउंटरवर विचारा, जे आम्हाला नकाशावर महिनाभर दिसलं नाही ते काकूंनी उभ्या उभ्या सांगितलं.

गारठलेली_मंजिरी

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. प्रोजेक्शन तपासलं, वर्तुळं खरंच अंशातच होती, म्हणजे अंडीच. आता ट्रॅक्टची लोकसंख्या घेऊन चालत १५ मिनिटांचे भाग काढतेय, हॅरॉल्ड वॉशिंग्टन बाजूला काढल्यावर नकाशावर पहिल्यांदा रंगात फरक दिसायला लागलाय. परळ_नाका, तुमचा स्टेशनचा रकाना घालते, सीटीएच्या (इथली शहरी रेल्वे आणि बस चालवणारी संस्था) स्टेशनांची फाइल त्याच पोर्टलवर आहे. चायनाटाउन शाखा बघितली, ती रेड लाइनच्या स्टेशनाला जवळजवळ चिकटूनच आहे, म्हणजे तुम्ही म्हणता तसंच असणार तिथे. त्या शाखेत मी शनिवारी जाऊन विचारणार आहे.

फोनचा डेटा सोडला. गुप्ततेचं आहेच, पण खरं सांगायचं तर वर झोपलेल्या आजींनी मला पटवलं.

आता एक बारकी अडचण. भेटींची फाइल आणि पत्त्यांची फाइल नावावर जोडतेय, नावं थोडीफार वेगळी आहेत म्हणून मिळतंजुळतं नाव शोधणारं फंक्शन लावलं, तर ८१ ऐवजी ८० च ओळी येतायत आणि एका शाखेच्या भेटी एकदम दुप्पट. कुठे बघू?

नकाशेवाला

डेली. पैज लावतो.

रिचर्ड जे. डेली आणि रिचर्ड एम. डेली अशा दोन वेगळ्या शाखा आहेत, बाप आणि मुलगा, दोघंही शिकागोचे महापौर, बाप १९५५ ते १९७६ आणि मुलगा १९८९ ते २०११. एक शाखा दक्षिणेला ब्रिजपोर्टमध्ये हॅल्स्टेड रस्त्यावर आणि दुसरी वेस्ट हम्बोल्टमध्ये केड्झीवर. तुमच्या फंक्शनला दोन नावांत एका अक्षराचा फरक दिसला आणि त्याने घराणं एक केलं.

मिळतंजुळतं नाव शोधणं बंद करा, ८१ च ओळी आहेत, हाताने एक छोटा तक्ता बनवा, डावीकडे या फाइलीतलं नाव, उजवीकडे त्या फाइलीतलं, आणि प्रत्येक शाखेला आपला एक क्रमांक द्या. तासाभराचं काम आहे. रूझवेल्ट आणि लिटल इटलीला एकच क्रमांक द्यायचा की दोन ते तुम्ही ठरवा, मी एकच दिला असता पण जागा बदलल्याचं वर्ष शेजारी लिहिलं असतं. जोडून झालं की दोन्ही बाजूंची बेरीज मूळ फाइलीच्या बेरजेशी ताडून बघा.

शिकागोकर_जुना

हा हा, डेली! इथल्या माणसांचाही गोंधळ होतो, मी एकदा एकाला ब्रिजपोर्टला पाठवलं होतं.

मंजिरी, शनिवारी चायनाटाउनला जाणार असशील तर दुपारी जा, सकाळी गेलीस तर नुसती म्हातारी मंडळी पेपर वाचताना दिसतील आणि तू तेच लिहून बसशील. आणि नकाशा झाला की इथे टाक, नॉर्थटाउनच्या १५ मिनिटांत देवॉनचा किती भाग येतो ते मला बघायचंय.